एक संगणक, दोन चुली
शाळांना देण्याच्या संगणकांवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही का?

यंदाच्या निधी-संकलनाच्या पत्रकात आम्ही एक वाक्य छापलं होतं : "शाळांना द्यायच्या प्रत्येक संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही सिस्टिम असतील." पत्रक हातात पडल्यापासून सभासदांचे प्रश्न सुरू झाले, आणि ते रास्तच होते. कुणी म्हणालं, "एकच धड चालली तरी पुष्कळ, दोन कशाला?" कुणी विचारलं, "विंडोज देताय, ती कायदेशीर आहे ना?" एका ज्येष्ठ सभासदांनी तर थेटच विचारलं, "आपल्या मुलांना आपण विंडोज नि मॅक देतो. मग खेड्यातल्या मुलांना फुकटातली लिनक्स, हा दुजाभाव नाही का?"

देणगीदारांना हिशेब विचारण्याचा हक्क आहे, आणि हिशेब म्हणजे केवळ रुपये-डॉलर नव्हेत. आपल्या पैशातून नेमकं काय घडणार, हेही समजायला हवं. म्हणून हा लेख. ज्यांचा संगणकाशी संबंध ई-मेल आणि फोटोंपुरताच आहे, त्यांनाही तो समजावा अशा बेताने लिहिला आहे.

दोन चुली म्हणजे काय?

संगणक सुरू केला की सर्वात आधी जी प्रणाली जागी होते आणि मग बाकी सगळ्यांना कामाला लावते, ती ऑपरेटिंग सिस्टिम. पडद्यावर चित्र दाखवणं, कळफलकावरची अक्षरं टिपणं, फाइल जपून ठेवणं, प्रिंटरला कागद सोडायला सांगणं, ही सगळी घरकामं तिची. विंडोज ही अशी एक सिस्टिम, लिनक्स ही दुसरी. एकीसाठी बनवलेला प्रोग्रॅम सहसा दुसरीवर तसाच्या तसा चालत नाही.

एकाच घरात दोन भावांच्या दोन चुली असाव्यात, तसं एका संगणकात या दोघींना नांदवता येतं. आधी हार्ड डिस्कची वाटणी करायची. अर्ध्या खोल्या विंडोजच्या, अर्ध्या लिनक्सच्या, आणि मध्ये एक सामायिक माजघर, जिथे दोघींनाही फाइली ठेवता-काढता येतील. संगणक सुरू झाला की दारात एक छोटा प्रोग्रॅम उभा असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो विचारतो, "आज कुणाकडे जायचं?" वर-खाली बाणाची कळ दाबून निवड करायची आणि एंटर मारायचं. दहा सेकंदांत काहीच सांगितलं नाही, तर तो ठरवून दिलेल्या सिस्टिमकडे आपणहून घेऊन जातो. याला 'ड्युअल बूट' म्हणतात.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की एका वेळी एकच चूल पेटते. विंडोजमधून लिनक्समध्ये जायचं तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. ही गैरसोय खरी, पण तिचा मोठा फायदाही आहे. जी सिस्टिम चालू आहे तिला यंत्राची सगळी ताकद मिळते, कारण दुसरी त्या वेळी झोपलेली असते.

दोन्ही चुली एकदम पेटवण्याचीही सोय आहे. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात : विंडोज चालू असताना तिच्याच पोटात एका खिडकीत लिनक्स चालवायची, किंवा उलट. ऑफिसात आपल्यापैकी अनेक जण हे रोज करतात. पण त्याला सरपण दुप्पट लागतं. चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावर दोघींना एकदम जेवायला वाढलं, तर दोघीही अर्धपोटी राहतात आणि वर्ग ताटकळत बसतो. शाळांकडे जाणारी यंत्रं बहुतेक ऑफिसांनी बदलून टाकलेली असतात. तिथे ड्युअल बूटच परवडतं.

विंडोज का ठेवायची?

पहिलं कारण गुरुजी आणि बाई. महाराष्ट्रात एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने सुरू केला, आणि पुढे सरकारी नोकरीतल्या लाखो माणसांची संगणकाशी पहिली ओळख त्यातूनच झाली. शिक्षकही त्यात आले. ही ओळख मुख्यतः विंडोज आणि तिच्यावरच्या वर्ड, एक्सेलची. ज्या शिक्षकाला शाळेचा पट, पोषण आहाराच्या नोंदी, निकालपत्रकं हे सगळं वर्ग सांभाळून करायचं आहे, त्याच्या हातातलं सवयीचं हत्यार काढून घेतलं तर संगणकावर प्लास्टिकचं कव्हर चढतं आणि ते पुन्हा निघत नाही. शिक्षकाची सोय झाली तरच मुलांची सोय होते, हे आम्ही गृहीत धरून चालतो.

दुसरं कारण जुना माल. २००० च्या दशकात आणि त्यानंतरही मराठी शाळांसाठी ई-लर्निंगच्या सीडी आणि पेनड्राइव्ह मोठ्या प्रमाणावर तयार झाले : कविता, गणिताची कोडी, विज्ञानाची हलती चित्रं. त्यातलं बरंचसं फक्त विंडोजवर चालतं. शिवाय पुष्कळसं साहित्य फ्लॅश या तंत्राने बनवलं होतं, आणि फ्लॅश प्लेयरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. ब्राउझरमध्ये ते साहित्य आता उघडत नाही. पण ज्या सीडीत प्लेयर आतच बांधून दिला होता, त्या विंडोजवर अजून चालतात. शाळेने लोकवर्गणीतून घेतलेल्या अशा सीडी कपाटात असतील, तर त्या वाया का घालवायच्या?

मग लिनक्स कशाला?

इथे तारीख महत्त्वाची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार संपवला. ठरावीक मुदतीची वाढीव सोय सोडली, तर त्या सिस्टिमला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज ११ घालावी म्हटलं, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ च्या पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५-१६ चा ठणठणीत लॅपटॉप, ज्याचा पडदा स्वच्छ आणि कळफलक शाबूत आहे, तो केवळ या अटीमुळे ऑफिसातून बाहेर पडतो. देणगीत आपल्याकडे येतात ते बहुतांशी हेच.

अशा यंत्रावर लिनक्सची आजची, रोज दुरुस्त होणारी आवृत्ती सुखाने चालते. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत. पेनड्राइव्हमधून गावभर फिरणारे विंडोजचे व्हायरस तिच्यावर चालत नाहीत. शाळेतले पेनड्राइव्ह कुठून कुठून फिरून आलेले असतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं मोल सांगायला नको.

म्हणून आमचा नियम साधा आहे : इंटरनेटवर जायचं ते लिनक्समधून, जुन्या सीडी आणि विंडोजचा सराव करायचा तो विंडोजमधून. आधार संपलेल्या विंडोजचं इंटरनेट आम्ही बंदच करून देतो. दाराला कडी नाही, पण ते दार रस्त्यावर उघडतच नाही, अशी ती व्यवस्था.

कायदेशीरपणाचा प्रश्न इथेच निकालात काढू. लॅपटॉपसोबत कारखान्यातून आलेला विंडोजचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो, आणि यंत्र दान केलं की त्याच्याबरोबर जातो. पण कंपनीने घाऊक करारावर घातलेली विंडोज कंपनीचीच राहते, ती यंत्राबरोबर देता येत नाही. म्हणून प्रत्येक यंत्राचा मूळ परवाना तपासला जातो. तो असेल तर दोन चुली, नसेल तर एकटी लिनक्स. त्यामुळे पत्रकातल्या "प्रत्येक" या शब्दाला "जिथे परवाना आहे तिथे" ही पुस्ती जोडून वाचावी. 'क्रॅक' केलेली विंडोज मंडळाच्या नावाने कुठल्याही शाळेत जाणार नाही. मुलांना पहिल्याच दिवशी चोरीचा माल देऊन कसले संस्कार करणार?

खैराटची गोष्ट

हा वाद नवा नाही, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या कोकणात जातो.

२००५ साली निकोलस निग्रोपाँटी यांनी जगातल्या गरीब मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवण्याची कल्पना मांडली. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' हे त्या प्रकल्पाचं नाव. प्रत्यक्षात तयार झालेल्या एक्सओ लॅपटॉपची किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली, तरी यंत्र विलक्षण होतं : हिरवं-पांढरं, धूळ-पाण्याला न घाबरणारं, भर उन्हात वाचता येईल असा पडदा आणि अगदी कमी विजेवर चालणारं. २००६ साली भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या प्रकल्पाला नकार दिला. तरीही ऑक्टोबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावाच्या शाळेत त्याचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. शाळा एकशिक्षकी, सगळ्या इयत्तांची मिळून मुलं वीस-बावीस.

त्या लॅपटॉपवर लिनक्स होती आणि तिच्यावर मुलांसाठी बनवलेलं 'शुगर' नावाचं आवरण. त्यात फोल्डर, फाइल ही ऑफिसातली भाषा नव्हती. मुलाने आज काय काढलं, काय लिहिलं, कोणता आवाज टिपला, ते सगळं एका रोजनिशीत आपोआप जमा व्हायचं.

मग मे २००८ मध्ये प्रकल्पाने आणि मायक्रोसॉफ्टने मिळून जाहीर केलं की एक्सओवर विंडोज एक्सपीही चालेल, आणि पुढे दोन्ही सिस्टिम एकाच यंत्रात देण्याचा बेत आहे. अनेक देशांची सरकारं म्हणत होती, "विंडोज नसेल तर आमचे पालक याला संगणकच मानणार नाहीत." पण अडचण जागेची होती. एक्सओमध्ये साठवण अवघी एक जीबी आणि मेमरी २५६ एमबी. विंडोजला जागाच पुरेना, म्हणून ती वेगळ्या दोन जीबीच्या एसडी कार्डावर ठेवावी लागली. खर्चही थोडा वाढणार होता. आणि त्याहून मोठी किंमत माणसांच्या रूपात मोजावी लागली. सॉफ्टवेअरची बाजू सांभाळणारे वॉल्टर बेंडर त्याआधीच, एप्रिल २००८ मध्ये, प्रकल्पातून बाहेर पडले होते. त्यांनी शुगरसाठी 'शुगर लॅब्स' ही वेगळी संस्था काढली. शुगर त्या संस्थेच्या हाताखाली अजून चालू आहे. लॅपटॉपचा मूळ प्रकल्प मात्र पुढच्या वर्षांत ओसरला.

यातून आम्ही दोन धडे घेतो. एक, दोन सिस्टिम ठेवायच्या तर यंत्रात तेवढी जागा हवी. चिंचोळ्या खोलीत दोन चुली मांडल्या तर धूरच होतो. म्हणून १२० जीबीपेक्षा लहान डिस्क असलेल्या यंत्रावर आम्ही एकच सिस्टिम घालतो. दुसरा, पालकांचा आणि शिक्षकांचा विश्वास हीसुद्धा एक गरजच आहे. तिच्याकडे "अडाणीपणा" म्हणून पाहून चालत नाही.

गोवा आणि केरळ

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यात 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' नावाचा उपक्रम झाला. परदेशस्थ गोवेकरांनी त्यात पुढाकार घेतला. परदेशात वापरून झालेले संगणक गोळा करून गोव्यातल्या शाळांना पोचवायचे, अशी ती कल्पना, म्हणजे आपल्याच बिरादरीतली. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न आला : यंत्र फुकट मिळालं, पण त्यावर विंडोजचा परवाना विकत घ्यायचा तर तो जुन्या यंत्राहून महाग पडतो. तिथे लिनक्सचा आधार घेतला गेला, आणि गावातल्याच उत्साही तरुणांनी शाळाशाळांत जाऊन मदत केली.

केरळने हेच काम राज्याच्या पातळीवर केलं. तिथल्या 'आय.टी. ॲट स्कूल' या सरकारी प्रकल्पाने २००० च्या दशकात टप्प्याटप्प्याने शाळा विंडोजवरून लिनक्सवर आणल्या. आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पाठ्यपुस्तकं बदलली, आणि मग परीक्षाही मुक्त सॉफ्टवेअरवर घेतली. २०१७ पासून हा प्रकल्प 'काइट' या नावाने सरकारी कंपनी म्हणून चालतो, आणि त्यांची स्वतःची लिनक्स आहे. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही २००७ पासून 'बॉस' नावाची भारतीय भाषांची लिनक्स उपलब्ध केली, आणि शाळांसाठी तिची 'एज्युबॉस' ही आवृत्तीही काढली.

तात्पर्य काय, तर लिनक्स म्हणजे गरिबाची फुटकी वाटी नव्हे. जगातल्या बहुतेक मोठ्या वेबसाइट लिनक्सवर चालतात, आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे, आणि आपल्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांच्यातले कित्येक जण पगार लिनक्सवरच कमावतात. ज्या वस्तूवर आपलं घर चालतं ती दुसऱ्याच्या मुलाला दिली, तर त्यात दुजाभाव कसला?

पदयात्रा उबीनलाच का?

आता हाही प्रश्न येणारच. संगणकाच्या निधीसाठी चालायचं, आणि ते सिंगापुरातल्या सर्वात कमी 'डिजिटल' जागी?

पुलाउ उबीन हे नुसतं सहलीचं बेट नाही. एके काळी इथे ग्रॅनाइटच्या खाणी चालत. पेड्रा ब्रांकावरचं १८५१ सालचं हॉर्सबर्ग दीपगृह याच दगडाचं. खाणकामगार आणि मच्छीमारांची वस्ती होती, आणि त्यांच्या मुलांसाठी १९५२ साली गावकऱ्यांच्या देणग्यांतून इथे बिन किआंग ही चिनी माध्यमाची शाळा उभी राहिली. आपल्याकडे ज्याला लोकवर्गणी म्हणतात, तेच. पुढे खाणी मंदावल्या, तरुण मंडळी मुख्य बेटावर गेली, पट घटत गेला आणि १९८५ मध्ये शाळा बंद झाली. २००० साली इमारतही पाडली गेली. पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद होणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाड्या-वस्त्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट विजेची. झगमगत्या सिंगापूरपासून चांगी पॉइंटहून बमबोटीने दहा-पंधरा मिनिटांवर असलेलं हे बेट, पण मुख्य वीजजाळ्याला ते जोडलेलं नव्हतं. घरोघर डिझेलचे जनरेटर धडधडत. २०१३ साली धक्क्याजवळच्या भागासाठी सौर ऊर्जा आणि बायोडिझेलवर चालणारं छोटं वीजजाळं प्रयोग म्हणून सुरू करण्यात आलं. पूर्ण ताकदीची वीज चोवीस तास गृहीत धरता येत नाही, तिथे यंत्र कसं निवडायचं आणि कसं जपायचं, हा विचार उबीनच्या वाटेवर चालताना आपोआप मनात येतो. खेड्यातल्या शाळेचा प्रश्न नेमका हाच आहे. म्हणून आम्ही शक्यतो डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप पाठवतो : त्याला वीज कमी लागते, आणि मध्येच वीज गेली तर बॅटरीमुळे चालू काम आणि डिस्क दोन्ही वाचतात.

प्रत्यक्षात काय करतो?

पायऱ्या क्रमाने सांगतो. घरी कुणाला करून पाहायचं असेल तर हाच क्रम ठेवावा.

१. आधी जुन्या मालकाची सगळी माहिती पुसून टाकायची. नुसतं डिलीट करून भागत नाही. संपूर्ण डिस्क पुसणारा प्रोग्रॅम चालवायचा.

२. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची, आणि मेमरी निदान आठ जीबी करायची. म्हाताऱ्या यंत्राला तरुण करणारा याहून स्वस्त उपाय नाही. वेग वाढतोच, शिवाय एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने बैलगाडीच्या रस्त्यावरचे हिसके ती सोसते.

३. पहिल्यांदा विंडोज, नंतर लिनक्स. विंडोज मागाहून घातली तर ती दारातला बूटलोडर बाजूला सारून स्वतःच दारात उभी राहते. लिनक्स मात्र आधीच्या विंडोजला ओळखते आणि यादीत तिचंही नाव घालते.

४. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करायचं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, डुलकी काढते. अशा वेळी लिनक्सने सामायिक माजघरात लिहिलं तर फाइली बिघडू शकतात, म्हणून लिनक्स तिथे लिहायलाच नकार देते. मग मुलं म्हणतात, "सर, फाइल सेव्ह होत नाही!"

५. घड्याळ जुळवायचं. ही मोठी गमतीची भानगड आहे. यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं विंडोज समजते, तर तिथे ग्रीनिचची वेळ आहे असं लिनक्स समजते. परिणामी भारतात वेळ साडेपाच तासांनी मागे-पुढे होते, इथे सिंगापुरात आठ तासांनी. सकाळी अकराच्या तासाला पडद्यावर दुपारचे साडेचार! इंटरनेट असेल तर चूक आपोआप सुधारते, पण खेड्यात ते नसतं. लिनक्सला "घड्याळ स्थानिक वेळेवर आहे" असं एकदाच सांगून ठेवलं की भांडण मिटतं.

६. दोन्हीकडे शक्य तितके सारखेच प्रोग्रॅम घालायचे. लिबरऑफिस, फायरफॉक्स, जिओजेब्रा, लहानांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट हे सगळे मोफत आहेत आणि विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालतात. त्यामुळे मुलाला चूल बदलली तरी भांडी ओळखीची राहतात.

मराठीचं काय?

आमच्या दृष्टीने हा सर्वात जिव्हाळ्याचा भाग. बरेच दिवस मराठी संगणकावर होती, पण ज्याच्या-त्याच्या फॉन्टच्या तुरुंगात. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी : प्रत्येकाची अक्षरांची जुळणी वेगळी. एका यंत्रावर लिहिलेलं पत्र दुसऱ्यावर उघडलं की शुद्ध मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रावर हे दुखणं दुप्पट झालं असतं.

युनिकोडने हा तुरुंग फोडला. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक. मुलीने लिनक्समध्ये लिहिलेला निबंध बाईंनी विंडोजमध्ये उघडला, तरी वेलांटी जागच्या जागी. टंकलेखनासाठी आम्ही दोन्हीकडे इन्स्क्रिप्ट कळफलक चालू करून देतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, अशी त्याची सुटसुटीत मांडणी आहे, आणि ती विंडोजमध्ये नि लिनक्समध्ये सारखीच. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय आपल्याला परदेशात बराहासारख्या प्रोग्रॅमनी लावली. ती वाईट नाही, पण ज्या मुलाला इंग्रजी अजून यायचंय त्याला मराठी लिहिण्यासाठी आधी 'के' आणि 'एच' शिकायला लावणं हा उलटा कारभार झाला.

लिनक्सचा आणखी एक फायदा इथे दिसतो. पडद्यावरचे मेनू, सूचना, बटणं यांचा पुष्कळसा भाग मराठीत करून घेता येतो. हे भाषांतर हौशी मराठी मंडळींनीच केलेलं आहे, आणि एखादा शब्द खटकला तर आपणही तो सुधारून देऊ शकतो. "हा शब्द असा नको, तसा हवा" हे म्हणण्याचा हक्क आठवीतल्या मुलीलाही असतो.

डोकेदुखी कुठे होते?

सगळं गोडगोड सांगितलं तर आपला विश्वास बसणार नाही. दोन चुलींचे त्रास आहेत.

सुरक्षेसाठीच्या दुरुस्त्या अधूनमधून एकमेकींच्या पायात येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणानंतर जगभरच्या अनेक ड्युअल बूट यंत्रांवर लिनक्स सुरू होईना. त्यावर पूर्ण उपाय यायला २०२५ चं वर्ष उजाडलं. शाळेतल्या विंडोजला इंटरनेटपासून दूर ठेवलं की हा धोका बराच कमी होतो. वाटणी करताना निष्काळजीपणा झाला तर दोन्हीकडचा डेटा जाऊ शकतो. काम दोन ठिकाणी देखभालीचं होतं. आणि जिथे सगळे शिक्षक लिनक्सवर रुळले आहेत, जुन्या सीडीही नाहीत, तिथे दुसरी चूल निव्वळ अडगळ. अशा शाळेला आम्ही एकटी लिनक्सच देऊ. ड्युअल बूट हा पूल आहे. पलीकडे पोचल्यावर पुलावर बिऱ्हाड करायचं नसतं.

यावर हमखास इलाज म्हणून प्रत्येक शाळेला यंत्रांबरोबर एक 'संकटमोचन' पेनड्राइव्ह जातो. तो लावून यंत्र सुरू केलं की डिस्कला हात न लावता लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालते, फाइली वाचवता येतात आणि दारातला बूटलोडर पुन्हा उभा करता येतो. सोबत मराठीत छापलेलं चार पानांचं पत्रक असतं, चित्रांसकट.

आपल्या देणगीतून काय होतं?

यंत्रं बहुधा दानातच मिळतात. पैसा लागतो तो एसएसडी, मेमरी, नवी बॅटरी, चार्जर, पेनड्राइव्ह, वाहतूक आणि मुख्य म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवस यांसाठी. हे शेवटचं कलम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. फोटोत लॅपटॉप दिसतो, प्रशिक्षण दिसत नाही. पण प्रशिक्षणाविना दिलेला संगणक म्हणजे विहीर खणली नि पोहरा द्यायचा राहिला, अशातली गत. म्हणून आलेल्या निधीतून आधी प्रशिक्षणाची तरतूद बाजूला काढायची आणि उरलेल्यात बसतील तितकीच यंत्रं पाठवायची, असं आम्ही ठरवलं आहे. आकडा लहान दिसेल, तरी चालेल.

ज्यांना पैशाहून वेळ देणं सोपं आहे, त्यांच्यासाठीही काम आहे. महिन्यातला एक शनिवार द्या, पुसणं, बसवणं, तपासणं हे सगळं शिकवू. स्क्रू-ड्रायव्हर धरता येणं एवढी पात्रता पुरे. सुट्टीत गावी जाणार असाल, तर आपल्या सामानात एक लॅपटॉप आणि एक दिवस त्या शाळेसाठी ठेवा. तुमच्या ऑफिसात यंत्रं बदलली जाणार असतील, तर ती भंगारात जाण्याआधी आमच्या कानावर घाला, आणि मूळ परवान्याची चौकशी तेवढी करून ठेवा.

आणि हो, पदयात्रेला येताना पाण्याची बाटली नि टोपी विसरू नका. बमबोटीत बारा माणसं भरली की बोट सुटते, तेव्हा आपापले बाराचे गट आधीच जमवलेत तर चांगी पॉइंटला ताटकळावं लागणार नाही. निधीची पावती-पुस्तकं उबीनच्या धक्क्यावर ठेवली आहेत, चालण्याआधी भरा किंवा चालून आल्यावर.